लाभार्थी : स्वतः

बेगमबी दहावीची परीक्षा देणार हे उमरीत कळलं तेव्हा लोक हसले नाहीत, कारण कुणाला ते खरंच वाटलं नाही. पंचवीस वर्षांची बाई, पदरात सहा वर्षांची मुलगी, नवरा फौजेत शहीद झालेला. सरकारची पेन्शन सुरू, सासऱ्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान स्टेशनरोडला बरं चाललेलं. अशा बाईला बीजगणित कशाला लागतंय?

नवऱ्याचं नाव शेख फारूक. फौजेत तो सॅपर होता, म्हणजे पूल बांधणारा, रस्ते मोकळे करणारा जवान. एकोणनव्वदच्या जानेवारीत लडाखकडं रस्त्यावरचा बर्फ काढत असताना वरून कडा सुटला आणि चौघं गेले. त्यात फारूक. मुलगी हुमा तेव्हा नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती. बेगमबी माहेरी धर्माबादला परत गेली नाही. सासरे मोहसीनमियाँ दुकानात कापूस पिंजायचे, ती आतल्या खोलीत मशीनवर खोळी शिवायची. चार वर्षं अशीच गेली. वाईट गेली असं कुणी म्हणलं नसतं.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. उमरीत फळीवरची भांडी वाजली, दुकानाच्या भिंतीला एक बारीक तडा गेला, बाकी काही नाही. पण दुपारपर्यंत रेडिओवर किल्लारी, सास्तूर अशी नावं येत राहिली आणि मेलेल्यांचा आकडा दर बातमीला वाढत गेला. तिसऱ्या दिवशी दुकानासमोर एक ट्रक थांबला. त्यातून सुभेदार माणिकप्पा उतरले. फौजेतून निवृत्त होऊन ते नांदेडच्या जिल्हा सैनिक कार्यालयात कल्याण संघटक म्हणून काम बघत होते. फारूक गेल्यावर पेन्शनचे सगळे कागद त्यांनीच पळापळ करून केले होते. ट्रकमध्ये कुदळी-फावडी घेतलेले दहा-बारा माजी सैनिक बसले होते.

"मियाँ, पांघरुणं, गाद्या, जे असंल ते द्या," माणिकप्पा म्हणाले. "लोकं चिखलात निजायलेत."

एका मंगल कार्यालयासाठी शिवलेल्या चाळीस गाद्या दुकानात तयार होत्या. मोहसीनमियाँनी एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि स्वतः पहिली गादी खांद्यावर घेतली. गाद्या चढवून झाल्या तरी बेगमबी ट्रकजवळून हलली नाही.

"सुभेदारसाहेब, तिथं बायकाबी जखमी असतील. त्यांच्याजवळ कोण हाय?"

माणिकप्पांनी मोहसीनमियाँकडं पाहिलं.

"जा, दुल्हन," सासरे म्हणाले. "हुमाला मी बघतो."

औसा तालुक्यातल्या एका गावाबाहेर मिलिटरीनं दवाखान्याचे तंबू ठोकले होते. बेगमबी तिथं अकरा दिवस राहिली. वरून पाऊस, खाली चिखल. खेड्यातल्या बायका जवानांना जखम दाखवायला तयार नसत. लुगडं वर सरकवायचं म्हणलं की तोंड फिरवून घेत. तंबूत बाई म्हणजे एकच, केरळची एक नर्स, हुद्द्यानं कॅप्टन. सगळे तिला कॅप्टन सिस्टर म्हणायचे. तिला मराठी येत नव्हतं आणि बायकांना हिंदी. त्या दोघींच्या मधे बेगमबी उभी राहिली. बायकांचं दुखणं तिनं हिंदीत सांगायचं, सिस्टरचं म्हणणं मराठीत. दुसऱ्या दिवसापासून ती जखमा धुऊ लागली, चौथ्या दिवसापासून पट्ट्या बांधू लागली. तिचा हात हलका होता. खोळी शिवून शिवून बोटांना सवय होती म्हणा, की अंगातच होतं म्हणा.

सहाव्या दिवशी ढिगाऱ्यातून काढलेली एक पोर आणली. मांडीची जखम चिघळली होती. कॅप्टन सिस्टरनं एका हातानं जखम दाबून धरली आणि म्हणाली, "बेगमबी, वो भूरी बोतल देना. जल्दी."

पेटीत तपकिरी बाटल्या तीन होत्या. तिन्हींवर इंग्रजीत लिहिलेलं. बेगमबीनं एक उचलून दिली. सिस्टरनं लेबल वाचलं, मान हलवली, बाटली बाजूला ठेवली आणि उठून स्वतः दुसरी घेतली. रागावली नाही. अर्धं मिनिटही गेलं नसेल. पोर वाचली, पुढं चालायलाही लागली. पण ते अर्धं मिनिट बेगमबीच्या मनातून जाईना. आपले हात चालतात, पाय चालतात, पण बाटलीवरची चार अक्षरं आपल्याला अडवतात, हे तिला फार लागलं.

परतीच्या ट्रकमध्ये तिनं माणिकप्पांना विचारलं, "नर्स व्हायला किती शिकावं लागतंय?"

"बारावी. मग पुढं साडेतीन वर्षं."

"मी नववीतून उठले. लग्न झालं."

"मग आणखी तीन वर्षं धरा," माणिकप्पा म्हणाले. पुढचं गाव किती कोस आहे ते सांगावं, तितक्या साधेपणानं त्यांनी ते सांगितलं. त्या सांगण्यानंच तिला धीर आला.

घरी आल्यावर तिनं सासऱ्यांसमोर विषय काढला. मोहसीनमियाँनी कापूस पिंजता पिंजता विचारलं.

"कुठं शिकणार?"

"सुभेदारसाहेब म्हणायलेत, लातूरला. सैनिकांच्या मुलींचं वसतिगृह हाय तिथं. विधवेला आणि तिच्या मुलीलाबी जागा मिळते."

"आणि हुमा?"

"ती पहिलीत जाईल. मी दहावीत."

म्हाताऱ्याच्या दाढीत हसू उमटलं, ते त्यांनी हातानं पुसल्यासारखं केलं. पण मोहल्ल्यात ही गोष्ट पसरल्यावर शुक्रवारच्या नमाजानंतर दोघं-तिघं जण दुकानावर आले. भाषा गोड होती. "मियाँ, जवान बाई. लातूरसारख्या गावात एकटी. कसं दिसंल?"

मोहसीनमियाँनी हातातली कापूस पिंजायची धुनकी खाली ठेवली. "माझा पोरगा लडाखला एकटा गेला होता. तवा कुणी विचारलं न्हाई कसं दिसंल म्हणून."

पुन्हा कुणी आलं नाही.

अर्ज भरायला बेगमबी नांदेडला गेली. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी शिक्षणाची मदत होती, पुस्तकं, फी, वसतिगृह सगळ्यासाठी. पण आजवर जे आले ते मुलांचे अर्ज घेऊन आले. अर्जात एक रकाना होता : लाभार्थीचे नाव व अर्जदाराशी नाते. तिथं सगळ्यांचं ठरलेलं, मुलगा किंवा मुलगी. बेगमबीनं पेन हातात घेऊन विचारलं, "मी इथं काय लिहू?"

माणिकप्पांनी अर्ज आपल्याकडं वळवून बघितला. "लिहा, स्वतः."

तिनं जपून लिहिलं.

दोन महिन्यांनी अर्ज वरून परत आला. त्या रकान्याभोवती लाल शाईचं वर्तुळ आणि बाजूला शेरा : पाल्याचे नाव लिहावे. बेगमबीला वाटलं, झालं, संपलं. माणिकप्पा मात्र भडकले. कपाटातून जुनी फाईल काढून त्यांनी शासनाच्या परिपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "वाचा, ताई. मोठ्यानं वाचा."

"माजी सैनिक, त्यांच्या पत्नी अथवा विधवा, व पाल्य," तिनं वाचलं.

"मग? विधवा लिहिलंय का न्हाई? इतकी वर्षं कुणी मागितलंच न्हाई, म्हणून कुणाच्या ध्यानात न्हाई."

त्यांनी अर्ज पुन्हा पाठवला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा माणिकप्पांनी निळा कोट घातला, छातीवर पदकं लावली आणि परिपत्रक घेऊन स्वतः पुण्याच्या मुख्य कार्यालयात गेले. परत आल्यावर तिला सांगताना त्यांचे डोळे चमकत होते.

"साहेब म्हणाले, सुभेदार, या बाईचं वय बघितलंय का? मी म्हणलं, साहेब, हिच्या नवऱ्यानं जीव दिला तवा आपण त्याचं वय विचारलं न्हाई. साहेब उठून उभे राहिले आणि मग सही केली."

चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये एक ट्रंक आणि हुमाचं नवं दप्तर घेऊन बेगमबी लातूरला उतरली. शहर वेगळंच झालं होतं. एकीकडं भूकंपाच्या मदतीच्या गाड्या, पत्र्याचे ढीग, तडे गेलेली घरं. दुसरीकडं गल्लोगल्ली ट्यूशनचे बोर्ड. मेरिटमध्ये आलेल्या पोरांचे फोटो, गळ्यात हार, कपाळाला टिळा. नांदेड, उदगीर, उस्मानाबाद, कुठकुठनं आई-बाप पोरांना घेऊन येत आणि खोली शोधत फिरत.

ती आधी एका नावाजलेल्या क्लासात गेली. संचालकांनी खुर्ची दिली, चहा दिला. मग सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेबाहेरून परीक्षा देणाऱ्यांचा फॉर्म, हातात घेऊन चाळला.

"बाई, वाईट वाटून घेऊ नका. आमच्याकडं पोरं नव्वदच्या वरची असतात. एक नापास झाला तर सगळ्या क्लासची टक्केवारी खाली येते."

"मी मागच्या बाकावर बसेन. माझं नाव लिहू नका पाहिजे तर."

"नाव न लिहिता कसं बसवू?"

ती उठली. चहा अर्धाच प्याली होती. रस्त्यावर येऊन तिनं हुमाचा हात इतका घट्ट धरला की पोर म्हणाली, "अम्मी, दुखतंय."

वसतिगृहातल्या पोरींनीच तिला संगमेश्वर सरांचं नाव सांगितलं. भूकंपात घराची मागची भिंत पडली म्हणून सर अंगणातच पत्र्याच्या शेडमध्ये गणित शिकवायचे. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, हातात खडू, आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा.

"किती दिवस झाले वही उघडून?"

"दहा वर्षं."

"दहा वर्षांचा गंज हाय म्हणजे. उद्या सकाळी सहाला या."

दुसऱ्या दिवशी ती बुरखा सावरत मागच्या बाकाकडं निघाली. सरांनी खडूनं पहिला बाक दाखवला. "मागं बसून काय दिसणार तुम्हाला? इथं बसा." पंधरा वर्षांची पोरं बाजूला सरकली. कुणी खुदकलं असेल. सरांनी फळ्याकडं तोंड करून पहिलं समीकरण लिहिलं आणि तिला ते मुळीच कळलं नाही. बाजूच्या पोरीनं तिच्या वहीत हळूच एक पायरी लिहून दिली.

वसतिगृहात मायलेकी एकाच खाटेवर झोपायच्या. सगळ्या पोरी तिला बेगमबी आपा म्हणायच्या. संध्याकाळी ती त्यांच्या वेण्या घालायची, त्या तिला अवयव पाडायला शिकवायच्या. समोर जिन्यावर बसून हुमा बाराखडी गिरवायची. शाळेत बाईंनी एकदा प्रत्येकाला विचारलं, आई काय करते? हुमानं उठून सांगितलं, "माझी अम्मी दहावीत हाय." वर्ग हसला. हुमाला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. तिच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

पंच्याण्णवच्या जूनमध्ये निकाल लागला. मराठी चांगलं, इतिहास-भूगोल चांगला, ज्या इंग्रजीची धास्ती होती त्यातही सत्तेचाळीस. गणितात बत्तीस. तीन मार्कांनी ती नापास झाली होती.

उमरीला गेली तेव्हा तिनं मार्कमेमो कुणाला दाखवला नाही. दोन दिवस ती मशीनवर बसून खोळी शिवत राहिली. तिसऱ्या दिवशी मोहसीनमियाँ आत आले आणि जमिनीवर तिच्यासमोर बसले. ते असे कधी बसत नसत.

"दुल्हन, फारूक भरतीला किती बार गेला, तुला म्हाईत हाय?"

"एकदाच ना?"

"तीन बार. पहिल्या बारीला छाती कमी पडली. दुसऱ्या बारीला धावण्यात मागं राहिला. घरी येऊन जेवला न्हाई दोन दिवस. तुला सांगितलं न्हाई त्यानं, लाजला असंल. तिसऱ्या बारीला रोज पहाटे स्टेशनपासून गोरठ्यापर्यंत पळायचा. मी सायकलवर मागं. एवढा दम मला न्हाई आता. पण तू जा. सर काय म्हणतात बघ."

बेगमबीनं मशीन थांबवलं. नवऱ्याबद्दलची ही एवढी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती. सहा वर्षांनी तो जणू नव्यानं भेटला होता, नापास होऊन जेवण टाकणारा, पुन्हा उठणारा. ती रडली, पण ते रडणं निराळं होतं.

संगमेश्वर सरांनी मार्कमेमो बघितला. "तीन मार्क," ते म्हणाले. "एक बेरीज चुकलाव तुम्ही. बाकी सगळं येतंय तुम्हाला. घाई करता. बायांनो, बापांनो, उत्तर लिहिल्यावर एकदा वर बघत जा." शेवटचं वाक्य सगळ्या वर्गासाठी होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिला गणितात चोपन्न मिळाले. सरांनी वर्गातल्या एका पोरीला पाठवून पेढे मागवले आणि पहिला पेढा स्वतःच्या तोंडात टाकला.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही, पण वाट दिसायला लागली. अठ्ठ्याण्णवला बारावी. मग नांदेडला नर्सिंगची शाळा. माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी ठेवलेल्या जागेवर तिचा प्रवेश झाला. तिथल्या एका मुलीनं पहिल्याच महिन्यात टोमणा मारला, "कोट्यातनं आलीस ना?"

"हाव," बेगमबी म्हणाली. "फारूकनं ठेवलेली जागा हाय ती. मी नीट वापरीन." आणि तिनं ती तशीच वापरली. रात्रपाळी कधी चुकवली नाही, वॉर्डातलं एकही औषध वर लिहिलेलं वाचल्याशिवाय हातात घेतलं नाही. दर वर्षी सैनिक कार्यालयात आता दोन अर्ज जायचे. एकात पाल्य, कुमारी हुमा. दुसऱ्यात स्वतः. हुमाचं अक्षर वळणदार झाल्यावर दोन्ही अर्ज तीच भरू लागली.

दोन हजार दोनच्या सुरुवातीला नांदेडला प्रमाणपत्र देण्याचा समारंभ झाला. मांडवात पांढऱ्या गणवेशातल्या मुलींच्या रांगा, समोर आई-बाप. मोहसीनमियाँनी फारूकच्या लग्नात घातलेली शेरवानी काढली होती. ती खांद्यावर सैल झाली होती. माणिकप्पा आता नोकरीतूनही निवृत्त झाले होते, पण निळा कोट आणि पदकं होती. मधे हुमा, दोन्ही म्हाताऱ्यांपेक्षा ताठ बसलेली.

वॉर्डातल्या कामासाठीचं पहिलं बक्षीस बेगमबी शेख फारूक यांना, असं जाहीर झालं. सोबत पालकांनी वर यावं, अशी पद्धत होती. मोहसीनमियाँ बसल्या जागी गोंधळले. माणिकप्पांनी त्यांना कोपरानं ढोसलं. हुमानं हात धरून उठवलं. म्हातारा पायऱ्या चढून वर गेला तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या बाईनं हातातला कागद बघत हळू आवाजात विचारलं, "आपण कोण यांचे? वडील?"

मोहसीनमियाँनी सुनेकडं पाहिलं. तेहतीस वर्षांची, डोक्यावर पांढरी टोपी, छातीवर नावाची पट्टी. मग त्यांनी माइकच्या जवळ तोंड नेऊन, कापसाच्या पेळूसारख्या पातळ झालेल्या आवाजात सांगितलं, "हाव. वडील."

मांडव टाळ्यांनी भरून गेला. माणिकप्पा उभे राहिले होते. टाळ्या वाजवत नव्हते. सवयीनं त्यांचा हात कपाळाकडं गेला होता आणि त्यांनी तिला कडक सलाम ठोकला होता. बेगमबीला काय करावं कळेना. तिनंही हात उचलला. अर्धा सलाम, अर्धा आदाब, असं काहीतरी झालं. हुमा हसत होती आणि डोळे पुसत होती.

समारंभानंतर चौघं बाहेरच्या टपरीवर चहा प्याले. माणिकप्पांनी बातमी दिली : किनवट तालुक्यातल्या इस्लापूरहून एक आणि धर्माबादहून दोन, अशा तीन विधवा गेल्या महिन्यात अर्ज घेऊन कार्यालयात आल्या होत्या. नवा कल्याण संघटक घाबरून माणिकप्पांच्या घरी विचारायला आला. "मी म्हणलं, घाबरतोस काय? दे मंजुरी. लातूरला पाठव." हुमानं सांगून टाकलं की दहावीनंतर आपणही लातूरलाच जाणार, आणि आपल्याला नर्स नाही, डॉक्टर व्हायचंय. मोहसीनमियाँ म्हणाले, "व्हय की. दुकानावरचा बोर्ड बदलू मग."

बेगमबीनं घड्याळ बघितलं. दोन वाजता बाळंतिणींच्या वॉर्डात तिची ड्युटी सुरू होत होती आणि अठरा खाटा भरलेल्या होत्या. तिनं बक्षीस हुमाच्या हातात दिलं, सासऱ्यांच्या शेरवानीचं वरचं बटण लावलं आणि भरभर चालत दवाखान्याच्या फाटकातून आत गेली.